आक्काच्या दोन दाढा

आक्का माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळं केस विंचरणारी, शाळेत सोडणारी, ताप आला की कपाळावर ओलं फडकं ठेवणारी ती आक्काच. लोह्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दादा, म्हणजे आमचे वडील, रस्त्याच्या कामावर गँगमध्ये होते. सकाळी भाकरी बांधून जायचे ते दिवस बुडताना यायचे.

आक्का जन्मली ती ओठ आणि टाळू दुभंगलेलीच. आई तिला बोंडल्यानं दूध पाजायची आणि त्यातलं निम्मं नाकातून परत यायचं, असं दादा सांगायचे. ओठ लहानपणी एका शिबिरात शिवून मिळाला. टाळूचंही ऑपरेशन झालं, पण टाके उसवले आणि मधोमध चिंचोक्याएवढं भोक कायमचं राहिलं. पाणी प्यायली की नाकातून यायचं. बोलली की शब्दातली हवा वर निघून जायची. ब म्हणायला, प म्हणायला तोंडात क्षणभर हवा कोंडावी लागते. तिची कोंडत नव्हती. "बाबा"चं "मामा" व्हायचं, आणि गल्लीतली पोरं तिच्या मागं तसंच बोलत फिरायची. भोकरकडचं एक स्थळ आलं होतं. पाहुण्यांनी नाव विचारलं. आक्कानं सांगितलं. त्यांना कळलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती उठून आत गेली आणि त्यानंतर कुणासमोर बसायला तयार झाली नाही.

ती पंचवीस वर्षांची असताना दादांनी तिला औरंगाबादला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात तिला टाळूची प्लेट करून मिळाली. गुलाबी रंगाची, भोक झाकणारी, पुढं चार दात लावलेली. वरच्या जबड्यात तिचे स्वतःचे दात तेव्हाच मोजके उरले होते. दोन्ही बाजूंना मागं एकेक दाढ तेवढी पक्की होती. प्लेटला दोन तारा होत्या, त्या या दाढांना कवेत घेऊन बसायच्या. बस, एवढ्यावर सगळं टिकून होतं.

मी तेव्हा नऊ वर्षांची. आक्का घरी आली, दारातच बसली, तांब्याभर पाणी गटागटा प्यायली आणि माझ्याकडं बघत राहिली. नाकातून एक थेंब आला नाही. मग तिनं मला नावानं हाक मारली. माझं नाव ब नं सुरू होतं. तिच्या तोंडून ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि "काय?" म्हणायचं सोडून मी तिच्या मांडीत डोकं घालून रडायला लागले.

पुढं ती अंगणवाडी सेविका झाली. लेकरांना गाणी शिकवायची, त्यांच्या आयांना खडसावायची. पौर्णिमेला विहारात महिला मंडळ वंदनेला बसायचं. वंदना एकीनं पुढं म्हणायची असते, बाकीच्यांनी मागून. काही वर्षांत ती पुढं म्हणणारी आक्का झाली. आवाज थोडा नाकातला होताच, पण शब्द स्वच्छ. जयंतीला तिचा आवाज कर्ण्यावरून पार बसस्टँडपर्यंत जायचा. दादा शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसायचे. मला वाटायचं, त्यांना डुलकी लागते. ते रडायचे, हे मला बरंच उशिरा कळलं.

मी दाताची डॉक्टर झाले ती आक्कामुळं. बारावीनंतर दुसरं काही करायचं माझ्या मनातही आलं नाही. मी कॉलेजला असताना ती महिन्यातून एकदा डबा घेऊन यायची आणि होस्टेलच्या फाटकावरच्या माणसाला, त्यानं न विचारताच, सांगायची, "माझी बहीण हाय. डाक्टर होऊन राहिली." दादा माझ्या शेवटच्या वर्षाला गेले. नंतर मी नांदेडला एका गल्लीत दोन गाळ्यांत दवाखाना टाकला. पाटीवर माझं नाव रंगवताना आक्का खाली उभी राहून रंगाऱ्याला अक्षरं मोठी काढायला सांगत होती.

दवाखान्याला चार महिने झाले असतील. आक्का दाढ दुखते म्हणून लोह्याहून एसटीनं आली. डावीकडची दाढ हलत होती, हिरडी सुजली होती. उजवीकडची किडली होती. वरचे बाकीचे दात तोवर गेलेच होते. तारा सैल झालेल्या, प्लेट जुनी, पिवळी पडलेली. मी तिला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला. हिनं मला डॉक्टर केलं, आता मी हिला नवं तोंड देणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हे दोन्ही काढून टाकू," मी म्हणाले. "वरची पूर्ण कवळी करते तुला. एकदम नवी. तारा न्हाई, काही न्हाई."

तिनं जिभेनं दोन्ही दाढा चाचपल्या. "राहू दे की. त्यायनीच तर धरलंय सगळं."

"आक्का, डाक्टर कोण हाय?"

ती हसली. "तूच हायस की," म्हणाली आणि तोंड उघडलं.

अर्ध्या तासात दोन्ही दाढा ट्रेमध्ये होत्या. तिला अजिबात दुखू न देता काढल्या, याचा मला अभिमान वाटला होता. ती कापूस दाबून बसली होती आणि हातानंच "छान, छान" करत होती.

कॉलेजात हे शिकवलं होतं. टाळू दुभंगलेल्या माणसाच्या वरच्या जबड्यातला दात, अगदी नुसतं मूळ उरलं असलं तरी, जमेल तोवर वाचवायचा, कारण साधी कवळी तिथं टिकत नाही. मी ते पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्कही घेतले होते. किडलेल्या दाढेचं रूट कॅनल करता आलं असतं. हलणाऱ्या दाढेची हिरडी साफ करून बघता आलं असतं, नाहीच जमलं तर वरचा भाग कापून मूळ ठेवता आलं असतं. खुर्चीत माझी बहीण बसली होती आणि यातलं मला काहीही आठवलं नाही.

जखमा भरल्यावर मी माप घेतलं, कवळी केली. दात सुंदर लावले होते. आरशात बघून आक्का लाजली. मग तिनं माझं नाव घेतलं आणि ब म्हणताना कवळी सुटून खालच्या दातांवर पडली. टक्क असा आवाज झाला.

वरची पूर्ण कवळी टाळूला चिकटून राहते ती मधल्या थुंकीच्या पातळ थरानं, आणि कडेनं हवा आत शिरत नाही म्हणून. आक्काच्या टाळूला भोक होतं, हवा तिथूनच यायची. शिवलेला वरचा ओठ ताठ होता, तो पुढून कवळीला ढकलायचा. टाळू व्रणांनी आक्रसून सपाट झालेली. कवळीनं धरावं असं त्या तोंडात काही उरलंच नव्हतं.

"सवय झाली की बसल," मी म्हणाले. तिला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

मी कवळी घासली, वाढवली, आतून मऊ अस्तर लावलं. चिकटवायची पावडर दिली. पावडरनं तासभर धरायची, मग चहाचा एक घोट, की सुटली. आक्का जिभेनं ती वर दाबून धरायला शिकली, पण जीभ वर अडकल्यावर बोलायचं कशानं? ती कमी बोलायला लागली. चारचौघांत जेवायची बंद झाली. मी लोह्याला गेले की माझ्याकडं पाठ करून भाकरी कुस्करून खायची.

त्या वर्षी वैशाखातल्या पौर्णिमेला मी मुद्दाम गेले. विहार भरला होता. आक्का पांढरी साडी नेसून पुढं बसली. येताना तिनं पावडर जास्त लावली होती, ते मला तिच्या ओठाच्या कडेवर दिसत होतं. तिनं सुरुवात केली. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला बुद्ध या शब्दावर कवळी खाली आली. तिनं ती ओठांनी अडवली, तोंडावर पदर घेतला, पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला. ब आला नाही. जो आवाज आला तो मी नऊ वर्षांची होईपर्यंत रोज ऐकला होता. मागं बसलेल्या पोरींपैकी कुणीतरी फिसकन हसलं आणि दुसरीनं त्या हसणारीला चापट मारली. मग आक्काच्या शेजारच्या बाईनं ओळ उचलली आणि वंदना पुढं गेली.

आक्का उठली नाही. शेवटपर्यंत हात जोडून बसली होती. घरी आल्यावर तिनं कवळी धुऊन वाटीत ठेवली आणि चुलीपाशी जाऊन पीठ मळायला घेतलं. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "भूक लागली असल तुला."

दोन महिन्यांनी तिनं अंगणवाडीचं काम सोडलं. कारण काय लिहिलं विचारलं, तर म्हणाली, "तब्येत." साखर तिला आधीपासून होतीच, त्यामुळं कुणी फार विचारलं नाही.

मग मी लातूरच्या एका सरांबद्दल ऐकलं. वयस्कर होते, आणि सगळं आयुष्य अशाच रुग्णांच्या कवळ्या करण्यात गेलं होतं त्यांचं. मी आक्काला घेऊन गेले. दवाखाना क्लासेसच्या भागात होता. खाली पाठीवर दप्तरं लटकवलेली पोरं-पोरी आणि ॲटोंची गर्दी, वर सरांची शांत खोली. मी स्वतः डॉक्टर असल्याचं सांगितलं. त्यांनी मला खुर्चीशेजारी उभं राहू दिलं.

सरांनी बराच वेळ बघितलं. मागच्या हिरडीवरून दोन्ही बाजूंना बोट फिरवलं. मग दिवा बाजूला केला.

"इथं दोन दाढा होत्या ना? जागा सांगतेय. कुणी काढल्या ह्या?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आक्का बोलली. कवळी हातात होती, त्यामुळं शब्द सगळे नाकातून आले, आणि एरवी ती अशा वेळी परक्यासमोर कधीच बोलत नसे.

"पडल्या, सर. आपोआप पडल्या."

सरांना नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतात?"

मी म्हणाले, "पडल्या म्हणते."

माझ्या आयुष्यात मी खोटं बरंच बोलले असेन, पण हे एक मी विसरू शकत नाही. ती बोलली ते माझ्यासाठी. मी ते खोटं मराठीतून मराठीत भाषांतर करून दिलं, आणि सरांनी "अरेरे" म्हणून वहीत लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. उतारू चहाला उतरले. बसमध्ये आम्ही दोघी आणि पुढं एक झोपलेले बाबा.

"आक्का, काहून खोटं बोललीस?"

"तुझ्या तोंडाकडं बघून राहिले होते मी." तिनं कवळी बोटानं वर धरली होती, तशीच बोलत होती.

"मी त्या दाढा काढायला नको होत्या. माझी चूक झाली."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिशीच कळलं. पाणी प्याले तवा."

मला वाटलं होतं, मी तिच्यापासून लपवत होते. ती वर्षभर माझ्यापासून लपवत होती. ते वर्षभर ती माझ्या दवाखान्यात येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायची, आणि वाट बघणाऱ्या बायांना खुणेनं, मोडक्या शब्दांनी सांगायची की आत जी हाय ती लई चांगली डाक्टर हाय, दुखू देत न्हाई.

"मग बोलली का नाहीस?" मी रडतच विचारलं.

"नवा नवा दवाखाना तुझा. काय बोलू?" तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरात. "गप. लोक येऊन राहिले."

त्यानंतर दीड वर्ष आम्ही लातूरला जात राहिलो. सरांनी तिच्यासाठी पोकळ, हलकी प्लेट केली. तिच्या वरच्या बाजूला, भोकाशी, मऊ रबरासारखा एक उंचवटा ठेवला. तो दाबून भोकात जायचा आणि आत अडकून धरायचा. हाडात दोन स्क्रू बसवून बघू म्हणाले, म्हणजे दाढांच्या जागी निदान काहीतरी पकड होईल. पण हाड पातळ होतं आणि साखर चढ-उतार करायची. एक स्क्रू महिन्याभरात सैल होऊन निघाला. दुसरा धरला. त्या एका स्क्रूवर आणि त्या मऊ उंचवट्यावर प्लेट बसली.

बसली म्हणजे, बरी बसली. पाणी नाकातून यायचं थांबलं. मान खाली घातली नाही तर दोन-तीन तास धरायची. फोनवर मला तिचं बोलणं कळायला लागलं. मला वाटलं, आता ती विहारात पुढं बसेल. मी तसं म्हणालेही.

"नको आता," ती म्हणाली. "ती दुसरी म्हणते ना, चांगलं म्हणते." मग म्हणाली, "मधीच सुटली तर? एकदा झालं ते झालं."

मी पुन्हा कधी विषय काढला नाही. पौर्णिमेला ती जायची, मागं भिंतीला टेकून बसायची आणि संपल्यावर सगळ्यांना खीर वाढायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारच्या मावशींचा फोन आला. आक्का अंगणात धुणं वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. मी नांदेडहून पोहोचले तेव्हा तिला घरात चटईवर निजवलं होतं. सत्तेचाळीस वर्षांची होती. तोंड किंचित उघडं, ओठ आत गेलेला, गाल बसलेले. सत्तर वर्षांच्या म्हातारीसारखी दिसत होती. सकाळी धुण्याच्या गडबडीत तिनं प्लेट घातलीच नव्हती. स्वयंपाकघरात पाण्याच्या वाटीत होती.

बायांनी तिला आंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. मी वाटी घेऊन आले.

"दोन मिनिटं थांबा," मी म्हणाले.

मी बसवायला गेले. उंचवटा भोकात गेला, स्क्रूवर प्लेट टेकली. बोट काढलं की खाली. कवळी नुसती हिरडीवर बसत नसते. माणूस ती गालांनी, ओठांनी, जिभेनं सतत धरून ठेवत असतो, झोपेतसुद्धा थोडी. हे मी पेशंटना रोज सांगते. मी पुन्हा बसवली. पुन्हा सुटली. पर्समध्ये पावडर होती, ती लावली. तोंड कोरडं पडलेलं, पावडर भिजायलाच तयार नव्हती, म्हणून मी बोट पाण्यात बुडवून तिच्या टाळूला लावायला लागले. किती वेळ तसं करत होते, माहीत नाही. बाहेर माणसं जमली होती, कुणीतरी गाडी आल्याचं सांगून गेलं.

मावशींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, बाई. आली तशी जाऊ दे तिला."

"ती अशी कुणासमोर जात नसते, मावशी."

"माहीत हाय. आम्ही समद्या वळखतो तिला."

मावशींनी साडीची एक पट्टी फाडली, आक्काच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. तोंड मिटलं. प्लेट माझ्या हातातच राहिली. बाहेर नेताना बायांनी वंदना म्हटली. मला एकही शब्द म्हणता आला नाही, कारण मला तो फक्त तिच्या आवाजात येतो.

जलदान विधी झाल्यावर मी आठवडाभर लोह्यालाच होते. घर आवरलं. अंगणवाडीतली काही लेकरं आता कॉलेजला आहेत, ती येऊन बसून गेली. एकीनं सांगितलं, "मॅडमनं आम्हाला बाराखडी तोंडावर हात ठेवून शिकवली. ब म्हणलं की हातावर हवा लागली पाहिजे म्हणायच्या." पोरगी हसत हसत सांगत होती आणि मग तिला हसू पुरेना.

नांदेडला येऊन दवाखाना उघडला त्या दिवशी पहिलीच पेशंट एक म्हाताऱ्या आजी. खेड्यावरून आल्या होत्या, सोबत सून. वर चार दात उरलेले, त्यातले दोन बरे. आजी म्हणाल्या, "काढून टाक समदे एकदाचे. नवी कवळी दे."

काढायला हरकत नव्हती, असंही कुणी म्हणालं असतं. त्यांची टाळू चांगली होती, कवळी छान बसली असती. मी इंजेक्शन भरलं, चिमटा उचलला. आजींनी विश्वासानं तोंड मोठं उघडलं आणि डोळे मिटून घेतले. माझा हात त्यांच्या ओठापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला, पाणी प्यायले, पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

आजींनी एक डोळा उघडला. "काय झालं गं, माय? हात दुखून राहिला का?"

"हाव, आजी," मी म्हणाले.

"मग बस की जरा. आम्हाला काही घाई न्हाई."

मी खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. सून बाहेरून चहा घेऊन आली. तिनं आधी मला दिला.